दूषित जमिनीत पीक घेण्यापूर्वी : माती सुधारकांचा वापर टप्प्याटप्प्याने

जमिनीत शिसे किंवा कॅडमियम असल्याचा अहवाल हाती आला की पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की यात काय घातले म्हणजे हे निघून जाईल? मलाही तोच पडला होता. त्याचे उत्तर मला फार उशिरा समजले, म्हणून ते आधीच सांगून टाकतो : काहीही घातले तरी धातू निघून जात नाही. चुना, कंपोस्ट, बायोचार (हवा कमी ठेवून भाजलेला काडीकचरा), स्फुरदयुक्त खनिजे, लोहाची संयुगे ही सगळी माती सुधारक द्रव्ये धातूला मातीत बांधून ठेवतात, म्हणजे मुळांना तो सहज उचलता येत नाही. धातूचे एकूण प्रमाण होते तेवढेच राहते, बदलते ते त्याचे रूप. आणि जे द्रव्य एका धातूला बांधते तेच दुसऱ्याला मोकळे करू शकते.

हे शेवटचे वाक्य मी स्वतःच्या वाफ्यांवरून शिकलो. माझ्या जमिनीवर पूर्वी फळबाग होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फळबागांवर किडीसाठी लेड आर्सेनेट (शिसे आणि आर्सेनिक यांचे संयुग) फवारले जात असे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी मातीतले फक्त शिसे तपासून घेतले, शिशावर स्फुरद चालते असे वाचले आणि काही वाफ्यांत सुपर फॉस्फेट भरपूर मिसळले. पुढच्या हंगामात पालेभाजीची पाने तपासली, तेव्हा शिसे थोडे उतरलेले होते. पण त्याच पानांत आर्सेनिक निघाले आणि ज्या वाफ्यांत मी काहीच घातले नव्हते त्यांच्यापेक्षा ते जास्त होते. ती सगळी भाजी उपटून टाकावी लागली. खालील क्रम मी त्यानंतर ठरवला आणि आजही तोच पाळतो.

१. जमिनीचा इतिहास आधी शोधा

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी कागद आणि माणसे गाठा. जमिनीवर पूर्वी काय होते यावर मातीत काय शोधायचे हे ठरते. जुन्या फळबागेत शिसे आणि आर्सेनिक जोडीने सापडतात. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत रंगातले शिसे, वाहत्या रस्त्याच्या कडेला शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले शिसे, जस्त वितळवणाऱ्या भट्टीच्या आसपास जस्त आणि कॅडमियम, कातडी कमावण्याच्या जागेजवळ क्रोमियम, सांडपाण्यावर भिजत आलेल्या शेतात अनेक धातूंचे मिश्रण, तर गाड्या दुरुस्तीच्या जागेत तेल, हे नेहमीचे नमुने आहेत. कचरा जाळण्याची जागा असेल तर तेथे धातूंबरोबर ज्वलनातून बनणारी सेंद्रिय प्रदूषकेही असतात.

यासाठी पुढील कागद जमवावेत : जमिनीच्या वापराच्या जुन्या नोंदी, जुना नकाशा, आधी झालेल्या माती-पाणी तपासणीचे अहवाल, आणि जमीन अधिकृतपणे दूषित म्हणून नोंदलेली असल्यास पर्यावरण व शेती खात्यांची लागू असलेली बंधने. अशा नोंदलेल्या जमिनीत परवानगीशिवाय खोदणे किंवा बाहेरचे द्रव्य मिसळणे बऱ्याच ठिकाणी नियमबाह्य ठरते, त्यामुळे ही चौकशी कुदळ उचलण्याआधी करावी. शेजारच्या वृद्ध माणसांशी तासभर बोलणे हाही पुरावाच समजा. माझ्या जागेवर फवारणीचे पंप कोठे धुतले जात, हे मला अशाच बोलण्यातून कळले, आणि सर्वांत जास्त आर्सेनिक नेमके त्याच कोपऱ्यात निघाले.

२. नमुना नीट घ्या

अहवालाची किंमत नमुन्याएवढीच असते. लागणारे साहित्य साधे आहे : गंज नसलेले पोलादी खुरपे किंवा गिरमिट, स्वच्छ प्लास्टिकची बादली, नव्या पिशव्या, न पुसणारी लेखणी, मोजपट्टी, हातमोजे आणि धुळीसाठी मास्क. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेले वापरू नये, कारण त्यातले जस्त नमुन्यात उतरते आणि अहवालात नसलेले संकट दिसू लागते.

जमिनीचे आधी भाग पाडा. भिंतीलगतचा पट्टा, रस्त्याकडची बाजू, पाणी साचणारा खोलगट भाग आणि मधला मोकळा भाग यांची माती एकत्र करू नका, कारण दूषितपणा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो आणि सरासरी काढली की सर्वांत वाईट जागा चांगल्या जागेच्या आड लपते. प्रत्येक भागात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणांहून वरच्या १५ ते २० सेंटिमीटरची माती घ्यावी. ती एकत्र करून सावलीत वाळवावी, ढीग पसरून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि अर्धा ते एक किलो माती उरेपर्यंत हे पुन्हा करावे. मुले खेळत असतील त्या जागेवर वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचा वेगळा नमुना घ्यावा, कारण हाताला आणि तोंडाला लागते ती तीच माती.

३. काय तपासायचे आणि अहवाल कसा वाचायचा

इतिहासात जे निघाले ते सर्व धातू तपासायला सांगा, एकच नव्हे. त्यांच्या जोडीला सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा), सेंद्रिय कर्ब, मातीचा पोत, क्षारता आणि उपलब्ध स्फुरद यांची तपासणी घ्याच. सामू हा या साऱ्या कामाचा कणा आहे, कारण बहुतेक धातूंची विद्राव्यता तोच ठरवतो.

धातूंचे दोन आकडे असतात आणि नवखा माणूस येथेच गोंधळतो. तीव्र आम्लात माती विरघळवून काढलेला आकडा म्हणजे एकूण प्रमाण. कॅल्शियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात किंवा डीटीपीएसारख्या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात जेवढे उतरते ते उपलब्ध प्रमाण, म्हणजे मुळांच्या आवाक्यातले. सुधारकांचा परिणाम फक्त दुसऱ्या आकड्यावर दिसतो. चुना घालून वर्षभराने पुन्हा एकूण शिसे मोजले आणि आकडा तसाच राहिला म्हणून चुना वाया गेला, असे मानणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून सुरुवातीलाच दोन्ही आकडे काढून ठेवावेत. मात्र माती हाताला, पायाला, धुळीतून नाकातोंडाला लागते त्या धोक्यासाठी एकूण प्रमाणच महत्त्वाचे आहे, हेही विसरू नये.

अंदाजासाठी काही आकडे देतो. स्वच्छ मातीत शिसे साधारण १० ते ५० मिलिग्रॅम प्रति किलो असते आणि कॅडमियम सहसा १ मिलिग्रॅमच्या आत. निवासी जागेतील मातीत शिशासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ठेवलेली ४०० मिलिग्रॅमची तपासणी-पातळी २०२४ मध्ये २०० वर आणली गेली. ही पातळी ओलांडली म्हणजे शेती बंद करावी असा तिचा अर्थ नसून पुढची चौकशी आवश्यक आहे, एवढाच आहे. मर्यादा देशोदेशी वेगळ्या असल्यामुळे आपल्याकडे लागू असलेला आकडा शेती किंवा पर्यावरण खात्याकडून लेखी घ्यावा. शिसे हजाराच्या वर असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : त्या मातीत खाण्याचे पीक घेऊ नये आणि सुधारकांवर भिस्त ठेवू नये. तेथे जाड कापडी थर अंथरून त्यावर किमान ३० सेंटिमीटर स्वच्छ मातीचा गादीवाफा करावा, किंवा धाग्याची, लाकडाची, फुलांची लागवड करून जमीन झाकलेली ठेवावी.

४. कोणत्या दूषितासाठी कोणता सुधारक

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, म्हणून तो सावकाश वाचावा.

कॅडमियम, जस्त आणि निकेल हे आम्लधर्मी मातीत मोकळे होतात. त्यांच्यावर पहिला उपाय चुना. दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट घालून सामू ६.५ ते ७ च्या आसपास आणला, की हे धातू मातीच्या कणांना घट्ट धरले जातात. कळीचा चुना वापरू नये. तो हात भाजतो आणि सामू एकदम वर नेतो. जिप्समला चुना समजण्याची चूकही फार होते. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे, त्याने सामू वाढत नाही आणि कॅडमियम बांधले जात नाही. माती मुळातच चुनखडीयुक्त असून सामू ८ च्या जवळ असेल, तर आणखी चुना घालून काही साधत नाही. उलट लोह आणि जस्ताच्या कमतरतेने पाने पिवळी पडतात. अशा मातीत कंपोस्ट आणि बायोचार यांच्यावर भर द्यावा.

कॅडमियमला हलके लेखू नये. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेले कॅडमियम भातशेतीत साठले आणि तो भात खाणाऱ्यांना हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा रोग झाला. त्या रोगाचा कॅडमियमशी असलेला संबंध सरकारने १९६८ मध्ये मान्य केला. जमिनीत कॅडमियम असूनही भाताची रोपे हिरवीगार दिसू शकतात, ही त्यातली भयंकर गोष्ट आहे. जस्त किंवा तांबे जास्त झाले की पीक स्वतःच खुरटते आणि माणसाला इशारा मिळतो. कॅडमियम मात्र माणसाला घातक ठरण्याइतके दाण्यात उतरले तरी पीक तक्रार करत नाही.

शिसे मुळातच मातीला चिकटून राहते आणि पानांपर्यंत फारसे चढत नाही. त्याला अधिक पक्के बांधायचे असेल तर स्फुरद लागते. स्फुरद, शिसे आणि क्लोराइड एकत्र आले की पायरोमॉर्फाइट नावाचे खनिज बनते आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यासाठी सुपर फॉस्फेट किंवा खनिज फॉस्फेट वापरतात. पहिले लवकर काम करते, दुसरे फार हळू. कंपोस्टही शिशाला चांगले धरते आणि माती भुसभुशीत ठेवते. पण जमिनीत आर्सेनिक असेल तर स्फुरदाला हात लावू नका. आर्सेनेट आणि फॉस्फेट यांची रासायनिक घडण इतकी सारखी आहे, की लोहाच्या ऑक्साइडवरील जी जागा आर्सेनिकने धरलेली असते ती फॉस्फेट बळकावते आणि आर्सेनिक पाण्यात सुटते. माझ्या वाफ्यांत झाले ते हेच.

आर्सेनिकवर लोहाची संयुगे चालतात : लोहाची भुकटी, लोहाचे ऑक्साइड किंवा फेरस सल्फेट. फेरस सल्फेटने माती आम्लधर्मी होते, म्हणून त्याच्याबरोबर बेताचा चुना द्यावा लागतो; मात्र सामू फार वर गेला तरीही आर्सेनिक सुटते, त्यामुळे ६ ते ६.५ च्या दरम्यान थांबणे मला सुरक्षित वाटते. पाणी साचलेल्या शेतात लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि त्यांनी धरलेले आर्सेनिक मोकळे होते, म्हणून सतत पाणी उभे असलेल्या भातात आर्सेनिक वाढते. पाणी काढून शेत अधूनमधून सुकू दिले तर आर्सेनिक घटते, पण त्याच वेळी कॅडमियम वाढते. दोन्ही असलेल्या शेतात भात घेऊच नये, असे मी सांगेन.

तांब्यासाठी चुना आणि मुरलेले कंपोस्ट पुरते. कच्चे कंपोस्ट वापरल्यास त्यातील विद्राव्य सेंद्रिय पदार्थ तांब्याला आणि आर्सेनिकलाही आपल्याबरोबर पाण्यात ओढून नेतात. क्रोमियमच्या बाबतीत कोणते रूप आहे हे विचारून घ्या : षट्संयुजी क्रोमियम विषारी आणि वाहते असते, तर त्रिसंयुजी रूप मातीत जवळजवळ स्थिर राहते. सेंद्रिय पदार्थ आणि फेरस लोह पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करतात. मातीचा सामू वाढवला तर मात्र षट्संयुजी क्रोमियम अधिक मोकळे होते, हे ध्यानात ठेवावे.

बायोचार म्हणजे हवा कमी असलेल्या भट्टीत साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजलेला काडीकचरा किंवा लाकूड. त्याची सच्छिद्रता मोठी असते आणि तो बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे कॅडमियम आणि शिशाला तो उपयोगी पडतो. डीडीटीसारखी जुनी कीटकनाशके आणि ज्वलनातून बनणारी सेंद्रिय प्रदूषकेही तो धरून ठेवतो. तेलाने दूषित जमिनीचे मात्र वेगळे आहे. तेथे जिवाणू तेलाचे खरोखर विघटन करतात, म्हणून त्यांना हवा, ओलावा आणि नत्र मिळेल असे कंपोस्ट घालून माती वरखाली करत राहावी आणि तेलाचे प्रमाण उतरल्याचे तपासणीत दिसेपर्यंत पेरणी थांबवावी.

किरणोत्सारी द्रव्यांचा अनुभव याच तत्त्वाचा आहे. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर आणि २०११ नंतर फुकुशिमाच्या परिसरात सीझियमने दूषित शेतांत पालाश वाढवून देण्यात आले, कारण पुरेसे पालाश मिळाले की मूळ सीझियम कमी उचलते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे वागते, म्हणून त्यावर चुना देतात. अशी जमीन असेल तर स्वतः प्रयोग करू नका. ते काम सरकारी देखरेखीखालीच व्हावे.

५. सुधारकाचीही तपासणी करा

दूषित जमीन सुधारायला निघालो आणि त्यात आणखी दूषित द्रव्य टाकले, असे सहज घडते. शहरी कचऱ्यापासूनचे कंपोस्ट, मैला-गाळ, राख आणि औद्योगिक उपपदार्थ यांत धातू असू शकतात. स्फुरदयुक्त खतांतही खनिजामुळे कॅडमियम येते. युरोपीय संघाने त्यासाठी प्रति किलो स्फुरद पेंटॉक्साइडमागे (खतातले स्फुरद याच रूपात मोजतात) ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली आहे. विक्रेत्याकडून त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा आणि तो न मिळाल्यास माल घेऊ नका. स्वस्तात किंवा फुकट मिळणाऱ्या राखेबद्दल हे विशेष कळकळीने सांगतो.

६. मात्रा काढा

पुस्तकांत मात्रा टक्क्यांत असते आणि हातात असते ते पोते, म्हणून हिशेब येणे आवश्यक आहे. दहा चौरस मीटरचा वाफा १५ सेंटिमीटर खोल धरला, तर दीड घनमीटर माती होते आणि तिचे वजन साधारण दोन हजार किलो भरते. म्हणजे एक टक्का सुधारक म्हणजे २० किलो. हेक्टरी हाच एक टक्का सुमारे २० टन होतो. बायोचार सहसा १ ते ५ टक्के आणि कंपोस्ट ५ टक्क्यांच्या आसपास वापरतात. हे टक्के कोरड्या वजनाचे असतात. कंपोस्टमध्ये निम्मे पाणी असेल, तर वरच्या वाफ्यासाठी १०० किलो कोरड्या मात्रेला २०० किलो ओले कंपोस्ट लागेल.

चुन्याची मात्रा अशी टक्क्यांनी ठरवू नये. सामू सारखाच असला तरी चिकण मातीला वालुकामय मातीपेक्षा कितीतरी जास्त चुना लागतो. प्रयोगशाळेला चुन्याची गरज काढून देण्यास सांगावे. ती मोठी निघाली तर दोन हप्त्यांत द्यावी.

स्फुरदाचा हिशेब शिशाच्या एकूण प्रमाणावर बसतो. वरच्या वाफ्यात ५०० मिलिग्रॅम प्रति किलो शिसे असेल, तर वाफ्यात एकूण एक किलो शिसे झाले. पायरोमॉर्फाइट बनण्यास त्याला सुमारे ९० ग्रॅम मूलद्रव्यरूपातील स्फुरद पुरेल, असे रसायनशास्त्र सांगते. प्रत्यक्षात माती स्वतःच बरेच स्फुरद अडकवते, म्हणून कितीतरी पट जास्त द्यावे लागते आणि येथेच हात सुटतो. जादा स्फुरद पावसाबरोबर ओढ्या-तळ्यांत जाऊन शेवाळ माजवते. उतारावरच्या किंवा पाण्याकाठच्या जमिनीत म्हणून मी कंपोस्टच पसंत करतो.

७. आधी कुंड्यांत करून पाहा

हा टप्पा गाळण्याचा मोह होतो, कारण त्यात दोन-अडीच महिने जातात. मी गाळला होता आणि त्यात पूर्ण हंगाम गेला.

आपलीच माती घेऊन बारा कुंड्या भरा : तीन तशाच ठेवा, तीन कुंड्यांत एक सुधारक, तीनमध्ये दुसरा आणि तीनमध्ये दोन्ही. वाफसा येईल इतके पाणी देऊन चार आठवडे मुरू द्या. मग पालक किंवा लेट्यूस पेरा, कारण ही पाने कॅडमियम पटकन उचलतात आणि मातीतला फरक लगेच दाखवतात. पाच-सहा आठवड्यांनी पाने कापून, वाहत्या पाण्यात धुऊन, वाळवून तपासणीस पाठवा. पाने धुताना एकदा भिंगातून पाहा. देठाशी, जेथे पान खोडाला मिठी मारते त्या खोबणीत, मातीची बारीक राखाडी रेघ राहिलेली दिसते. ती तशीच राहिली तर शिशाचा आकडा पानाचा न येता त्या मातीचा येतो. मी आता तो भाग मऊ ब्रशने घासून घेतो.

८. शेतात मिसळणे

सर्व सुधारक एकाच दिवशी टाकू नयेत. चुना आणि ताजे शेणखत किंवा अमोनियायुक्त खत एकत्र आले की नत्र अमोनिया होऊन उडून जाते. चुना आणि विद्राव्य स्फुरद एकत्र पडले तर स्फुरद कॅल्शियमशीच बांधले जाते आणि शिशापर्यंत पोहोचत नाही. म्हणून स्फुरद आधी, दोन-तीन आठवड्यांनी चुना आणि त्यानंतर मुरलेले कंपोस्ट, असा क्रम ठेवावा.

माती वाफशावर असताना काम करावे. कोरड्या मातीत धूळ उडते आणि ओल्या मातीत गोळे होऊन सुधारक आत पोहोचत नाही. वारा नसलेला दिवस निवडा, मास्क लावा. जेवढ्या खोलीपर्यंत नमुना घेतला होता तेवढीच खोली मिसळा. खोल नांगरल्यास एक तर मात्रा पातळ होते, नाही तर खालचा दूषित थर वर येतो. मिसळल्यावर पाणी देऊन चार ते आठ आठवडे जमीन तशीच राहू द्यावी.

९. पीक, पाणी आणि खत

सुधारक अर्धे काम करतात, उरलेले पिकाच्या निवडीने होते. साधारणपणे पालेभाज्यांत आणि कंदमुळांत धातू जास्त, तर फळभाज्यांत, शेंगांत आणि दाण्यांत कमी जातो. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा, मका येथून सुरुवात करावी. सूर्यफूल आणि जवस कॅडमियम साठवतात, म्हणून दाण्यांच्या नियमाला ते अपवाद आहेत. जुन्या कीटकनाशकांच्या जमिनीत भोपळ्याच्या कुळातली पिके टाळावीत. त्यांची मुळे डीडीटीसारखी द्रव्ये इतर पिकांपेक्षा जास्त उचलतात.

खताच्या निवडीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. क्लोराइड कॅडमियमशी जोडले जाऊन त्याला मातीच्या पाण्यात फिरते ठेवते. म्हणून कॅडमियम असलेल्या जमिनीत पालाश देताना म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी (ते पोटॅशियम क्लोराइडच असते) सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे आणि खारट पाण्याने भिजवणे टाळावे. अमोनियायुक्त खते दरवर्षी सामू खाली ओढतात, म्हणजे चुन्याने मिळवलेले हळूहळू घालवतात. मातीत जस्ताची कमतरता असेल तर ती भरून काढावी, कारण जस्त पुरेसे असले की पीक कॅडमियम कमी घेते. पाणी देखील तपासा. प्रदूषण पाण्यातून येतच असेल, तर मातीवर केलेला खर्च व्यर्थ आहे.

१०. धूळ आणि हात

शिशाच्या जमिनीत भाजीच्या आतल्या शिशापेक्षा भाजीवर चिकटलेल्या आणि घरात आलेल्या मातीचा धोका मोठा असतो, लहान मुलांना तर फारच. ओळींमध्ये पेंढ्याचे आच्छादन ठेवा, म्हणजे पावसाचा थेंब माती उडवून खालच्या पानांवर नेणार नाही. शेतातले बूट आणि कपडे घराबाहेर ठेवा. खालची पाने आणि बाहेरचे पापुद्रे काढून टाका, कंद सोलून घ्या. त्यांची साले आणि टरफले त्याच जमिनीच्या कंपोस्टमध्ये घालू नयेत.

११. पिकाची तपासणी आणि नोंदवही

पहिले पीक खाण्यापूर्वी तपासा. अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांत पालेभाज्यांसाठी शिशाची मर्यादा ०.३ आणि कॅडमियमची ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो आहे, कंदमुळांसाठी दोन्हींची ०.१; पॉलिश केलेल्या तांदळात कॅडमियम ०.४ आणि असेंद्रिय आर्सेनिक ०.२. भाज्यांच्या या मर्यादा ताज्या वजनावर आहेत, तर प्रयोगशाळेचा आकडा बहुधा वाळवलेल्या पानांचा असतो. पानात ९० टक्के पाणी असेल तर अहवालातले २ मिलिग्रॅम म्हणजे ताज्या भाजीतले ०.२. हे रूपांतर न केल्याने चांगले पीक फेकले जाते, आणि उलट चुकीने वाईट पीक ताटात येते. अहवालावर कोणते वजन धरले आहे हे लिहून मागावे.

त्यानंतर सामू दरवर्षी, उपलब्ध धातू दोन वर्षांनी आणि पाने दर हंगामात निदान एका भागातून तपासावीत. चुना तीन ते पाच वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. कंपोस्ट कुजत जाते, तसे त्याने धरलेले धातू मोकळे होऊ शकतात, म्हणून त्याचाही पुरवठा चालू ठेवावा. नोंदवहीत भागाचा नकाशा, नमुन्याची तारीख व खोली, सुधारकाचे नाव, खेप, मात्रा आणि त्या हंगामाचे पीक लिहावे. जमीन विकताना किंवा कसायला देताना या वहीची प्रत घेणाऱ्याच्या हाती द्यावी. धातू त्या मातीतच आहे, आणि नव्या माणसाने नकळत पाच वर्षे चुना घातला नाही तर तो पुन्हा मुळांना मिळू लागेल.